चाचांची साडेसहाची शाळा

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर गुराढोरांत राबून घरी आल्यावर, कोणी मला पाटावर बसवून भेंडीचे ठसे मारायला लावील, असं मला आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण भंडारीचाचांनी लावले. नुसते लावले नाहीत, माझा कागद उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि म्हणाले, "डाक्टर, तुमचा हात लय दाबतो. भेंडी हाय, बैल न्हाय." मी दुसऱ्या कागदावर पुन्हा मारले. आडवी कापलेली भेंडी हळदीच्या पाण्यात बुडवून अलगद टेकवली की पाच पाकळ्यांचं पिवळं फूल उठतं. लागोपाठ सात फुलं नीट उठली, तेव्हा चाचा म्हणाले, "पास." आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दहावीला झाला नव्हता एवढा.

मी दिघीला जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा म्हसळ्याहून येतात; बाकीचे दिवस गाई, बकऱ्या आणि त्यांचे मालक माझ्या वाट्याला असतात. मी डॉक्टर नाही हे चाचांना दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाले, "सुई मारता ना? मग झालं." बायको-मुलं माणगावला असतात, शनिवारी त्यांच्याकडे जातो. उरलेले पाच दिवस चाचांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहतो.

भंडारी ही चाचांची जात नव्हे, हुद्दा. मालवाहू जहाजावर सगळ्यांना रांधून घालणारा तो भंडारी. खरं नाव इस्माईल. पण एकतीस वर्षं दर्यावर कढया हलवून परत आले तेव्हा मोहल्ल्यात त्या नावाने हाक मारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं.

त्यांच्या घरातली पहिली सकाळ मी विसरणार नाही. जाग आली, जिन्याखालच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं, सात वाजले होते. सावकाश दाढी केली, चहा घेतला, दवाखान्यात पोचलो तर बाहेर तीन म्हशी आणि त्यांचे तापलेले मालक. साडेदहा वाजून गेले होते. चाचांचं घड्याळ कुवेतच्या वेळेवर चालतं. आमच्या गल्लीत त्याचं कोणाला नवल नाही. ज्याचा माणूस जिथे कमवायला गेलाय तिथली वेळ त्याच्या भिंतीवर. शेजारच्या घरात मस्कत आहे, पलीकडे दुबई. चाचांचा मुलगा इरफान कुवेतला, म्हणून चाचा आपल्यापेक्षा अडीच तास मागे जगतात. मी तक्रार केली तर म्हणाले, "तुमच्या हातात घड्याळ हाय ना? मग माज्या भिंतीकडं कशाला बघता?"

घरात दुसरा कायदा हलण्याचा. दिघीची जमीन, माझ्या माहितीप्रमाणे, हलत नाही. पण चाचा जेवणाच्या टेबलावर आधी ओलं फडकं अंथरतात, मग ताटं ठेवतात. ओल्या फडक्यावरून ताट घसरत नाही, असं जहाजावर करतात म्हणे. फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली, डब्यांना सुतळी बांधलेली, पाण्याचा हंडा भिंतीच्या कोपऱ्यात पाचर मारून बसवलेला. "चाचा, इथे कोण हलवणार आहे?" असं विचारलं की एकच उत्तर. "आनि हललं तर?"

आणि तिसरी गोष्ट, जी मला आधी विनोदी वाटायची. चाचांना कमी माणसांचा स्वयंपाक येत नाही. जहाजावर सव्वीस खलाशी, म्हणून डाळ सव्वीस माणसांची, भात सव्वीस माणसांचा. चाची होत्या तोवर त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. त्या गेल्यावर चाचांनी पहिल्यांदा घरात डाळ शिजवली ती अर्ध्या गल्लीने दोन दिवस खाल्ली. तेव्हापासून ते शेजारच्या खालाकडून डबा घेत होते. एकतीस वर्षं माणसं जेवू घातलेला माणूस डब्यावर. मी एकदा विचारलं तर भांडी पुसत म्हणाले, "एका माणसाचा कसा रांधायचा, ता मला कोणी शिकवलाच न्हाय."

मग शाळा सुरू झाली.

त्याचं असं झालं. इरफानने वर्षाच्या मध्येच घर बदललं आणि नव्या ठिकाणी साडेचार वर्षांच्या मरियमला शाळेत जागा मिळेना. पोर घरात. त्यात सूनबाईला, सनाला, दुसरं बाळ झालेलं. इरफान पहाटेच कामावर जातो. सनाने एक दिवस वैतागून सासऱ्याला फोन केला, "अब्बा, मी बाळाला आंघोळ घालते तेवढा वेळ तरी हिला कशात तरी गुंतवा. तिने काल त्याच्या डोक्यावर शाम्पूची सगळी बाटली ओतली." दुसरा कोणी आजोबा असता तर त्याने नातीला गोष्ट सांगितली असती. चाचांना गोष्टी येत नाहीत. त्यांना फक्त हाताने करायची कामं येतात. म्हणून त्यांनी फोनवर शाळा काढली. वेळ कुवेतचे साडेसहा, म्हणजे आपले सकाळचे नऊ. मुदत, बाळाच्या आंघोळीएवढी.

शाळेचे नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवले, जसा काही मीच प्रवेश घेत होतो. एक, आदल्या संध्याकाळी ट्रायल झाल्याशिवाय पोरीसमोर काही जाणार नाही. ट्रायलसाठी मी. दोन, कुवेतच्या तिसऱ्या मजल्यावर जे मिळत नाही ते शिकवायचं नाही. मी उत्साहाने किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपल्या आणल्या होत्या, त्या त्यांनी बाहेर ठेवायला लावल्या आणि शिंपल्यांच्या जागी पिस्त्याची टरफलं बसवली. तीन, जे करायचं ते पोटात गेलं तरी चाललं पाहिजे. "ह्या वयाचा पोर आधी चाखतो, मंग बघतो." म्हणून डिंक नाही, मैद्याची खळ. बाजारचे रंग नाहीत. बीट, पालक आणि हळद. ती खळ त्यांनी स्वतः चमचाभर खाऊन बघितली आणि मग चमचा माझ्यापुढे धरला. मी सरकारी नोकर आहे, असं काहीतरी पुटपुटलो. उपयोग झाला नाही.

चौथा नियम, विस्तव नाही. खाऊ सगळा बिनचुलीचा. काकडी मधोमध उभी कापून, पोखरून त्यात दही भरायचं, गाजराच्या चकतीचं शीड लावायचं, झाली होडी. चपातीवर केळं कुस्करून वर तीळ, गुंडाळी करून तुकडे करायचे. काकडी, चपाती आईने आदल्या रात्री तयार ठेवायची. मी म्हटलं, एखादं नाचणीचं घावन शिकवा की, सना तव्यापाशी उभी राहील. चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आगीपाशी पोराचा काय काम न्हाय," एवढंच म्हणाले.

कात्रीही नाही. कागद कापायचा असला की घडी घालायची, घडीवरून ओलं बोट फिरवायचं आणि हळूच ओढायचं. कागद सरळ रेषेत फाटतो. हे मला ट्रायलमध्ये चार वेळा जमलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत होतो. "माज्याकडं काय बघता? हाताकडं बघा," ते खेकसले.

सामानाची यादी दुपारीच सनाला जायची, बोललेल्या निरोपाने, बंदरात शिरण्याआधी जहाज मागणी कळवतं तशी. "भेंडी नग दोन. हळद अर्धा चमचा. कागद नग चार. सना, उद्या शुक्रवार, नवरा घरी असंल. नवरा नग एक, पसारा काढायला." पहिल्या आठवड्यात मात्र घोटाळा झाला. खजुराच्या लाडवांसाठी चाचांनी अडीच किलो खजूर आणि किलोभर तीळ मागवले. सनाचा फोन आला, "अब्बा, पोरगी एक आहे हो." त्या संध्याकाळी चाचा माझ्यासमोर बिया काढलेले खजूर मांडून बसले. वाट्यांतून काढत गेले, काढत गेले. शेवटी सात खजूर आणि चमचाभर तीळ उरले. ते कुस्करून वळले तर तीन छोटे लाडू झाले. तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, "एवढ्यात पोट भरंल तिचा?"

शाळा भरली की स्वयंपाकघराचं दार बंद. शिकवताना कोणी बघितलेलं त्यांना चालायचं नाही. माझा दवाखाना दहाचा, त्यामुळे मी बाहेर ओटीवर चहा पीत बसायचो आणि दाराआडून शाळा ऐकायचो. दिवसभर माझ्यावर गुरगुरणाऱ्या माणसाचा हाच आवाज आहे यावर माझा विश्वास बसत नसे. "हात धुतलास? दाखव. आता उलटा करून दाखव. व्वा." मग खसाखसा, थपथप, पाण्याचे आवाज. आणि शेवटी, आजोबांना दादा म्हणणारी मरियम न चुकता म्हणायची, "दादा, तुझ्यातला एक मला दे."

"पाठवतो."

"कशातून?"

"बोटीतून."

"कधी येल बोट?"

"निघाली हाय. दर्या मोठा हाय."

बाहेर आल्यावर ते नमुन्याचे तीन लाडू किंवा काकडीची होडी माझ्यापुढे ठेवत. "खावा. बोट न्हाय तर डाक्टर." मी खायचो. गल्लीतली पोरंही दाराशी वाट बघत असायची, पण त्यांना वाटायला तेवढ्याशात काही पुरायचं नाही.

असे सात-आठ महिने गेले. जानेवारीत इरफानने कळवलं, दहा दिवसांची रजा मिळालीय, सगळे येतोय. मला वाटलं, चाचा आता घर डोक्यावर घेतील. मी त्यांचं अभिनंदन करायला खाली गेलो तर ते टेबलापाशी नुसते बसलेले. त्या संध्याकाळी ट्रायल झाली नाही. दुसऱ्या दिवशी झाली, पण टेबलावर फडकं अंथरायचं राहिलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षात आणून द्यायचं माझंही धाडस झालं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एकदम विचारलं, "डाक्टर, घाबरलेला जनावर तुमी धरता कसा?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या धंद्याबद्दल आदराने विचारत होतं. मी जरा सरसावून बसलो. "समोरून जायचं नाही, चाचा. बाजूने जायचं. डोळ्यांत बघायचं नाही. आपलं काहीतरी काम करत उभं राहायचं आणि त्याला आपणहून येऊ द्यायचं."

"आनि वेळ किती लागतो?"

"जनावरावर आहे. काही म्हशी पाच मिनिटांत येतात. मार खाल्लेलं कुत्रं महिना घेतं."

"महिना न्हाय," ते म्हणाले. "धा दिवस हायत."

मग त्यांनी सांगितलं. चाचांच्या डाव्या गालापासून मानेपर्यंत भाजल्याची खूण आहे. जहाज कलंडलं आणि तेलाची कढई अंगावर आली. कातडी आक्रसली, डोळ्याची खालची पापणी ओढली गेली, ओठाचा कोपरा वर राहिला. मी हे इतका वेळ सांगितलं नाही, कारण आमच्या गल्लीत ते कोणाला दिसतच नाही. मलाही महिन्याभरात दिसेनासं झालं. पण मरियम दोन वर्षांची असताना इरफानने फोनवर पोरीला आजोबा दाखवला, आणि ती अशी किंचाळली की सनाला फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जावं लागलं. रात्री तिला तापही आला. चाचांनी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं, नेटवर्क खराब आहे म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी फोनसमोर कधी तोंड आणलं नाही. शाळेसाठी त्यांनी करवंटीचं एक टेकण केलं होतं. त्यात फोन वाकवून असा ठेवायचा की समोर फक्त टेबल दिसावं आणि त्यावरचे दोन हात.

"पोर माजे हात वळखती," चाचा म्हणाले. "मला न्हाय वळखत."

मुलं मोठी झाली की समजतात, असं काहीतरी बोललो. त्यांनी मान हलवली आणि लसूण सोलायला घेतला.

ते आले तेव्हा चाचा दारात पुढे झाले नाहीत, उजवी बाजू रस्त्याकडे करून खांबाला टेकून उभे राहिले. बाजूने, मी सांगितलं होतं तसे. पण पोरीने गाडीतून उतरल्या उतरल्या धावत पुढे जाऊन सरळ समोरून बघितलं. आणि आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. सना म्हणाली, "अगं, दादा आहेत. तुझे दादा."

"हा दादा न्हाय," मरियम म्हणाली.

ती रडली नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पण तिला पूर्ण खात्री होती. घरात शिरून तिने स्वयंपाकघर बघितलं, टेबल ओळखलं, टेबलाखाली वाकून बघितलं, मागच्या अंगणात जाऊन आली. दादा कुठेच नव्हता. संध्याकाळी आईपाशी हट्ट धरून बसली, "दादाला फोन लाव."

इरफान खजील होऊन बापाकडे बघायला लागला. चाचा म्हणाले, "लावा की. शाळेला कशाला सुट्टी?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शाळा भरली. विद्यार्थिनी माझ्या माडीवरच्या खोलीत, माझ्या टेबलापाशी, आईचा फोन समोर ठेवून. मास्तर खाली स्वयंपाकघरात, दार बंद करून. मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. एवढ्याशा अंतरासाठी दोन फोन लागत होते. मरियम खुशीत होती. दादा जिथे असायला हवा तिथे, फोनमध्ये, सापडला होता.

शाळा सुटली की चाचा मागच्या दाराने बाहेर पडायचे ते धक्क्यावर जाऊन बसायचे. आगरदांड्याची फेरीबोट येई, गाड्या उतरत, चढत, फेरी परत जाई. एवढं बघत दिवस काढायचे. जेवायलाही येत नसत; सना डबा पाठवायची. पोरीला घरात मोकळेपणी फिरता यावं म्हणून. मी दुपारी दवाखान्यातून येताना त्यांच्याजवळ बसलो एकदा. तिने आज काय केलं, काय खाल्लं, कोंबडीला घाबरली का, अंगणात पडली का, हे सगळं त्यांनी मला विचारलं. स्वतःच्या घरातलं स्वतःच्या नातीचं वर्तमान भाडेकरूकडून. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं की मी दोन-तीन गोष्टी पदरच्या घालून सांगितल्या.

एक बदल मात्र झाला. शेवटी ती "तुझ्यातला एक मला दे" म्हणाली की आता देता येत होतं. चाचा दार किलकिलं करून बशी बाहेर सरकवायचे, मी ती वर न्यायचो. पहिल्या दिवशी लाडू बघून मरियमचे डोळे मोठे झाले. फोनमधला लाडू टेबलावर आला होता.

"बोट आली?" तिने मला विचारलं.

"आली," मी म्हटलं.

रोज बोट आली. काकडीची होडी आली, केळ्याची गुंडाळी आली. मी दवाखान्यात तासभर उशिरा यायचा अर्ज टाकला होता, खरं कारण लिहिलं नाही. पट्टीबंधकाने बोटीचं काम करतोय असं कुठल्या अर्जात लिहायचं?

सहाव्या दिवशी कणकेच्या चिमण्या होत्या. मोहरीचे डोळे, चिमटीने काढलेली चोच. मध्येच चाचांनी मुरमुऱ्यांचा एक छोटा लाडू वर पाठवला, चिमणीला दाणे म्हणून. मी तो ठेवून जिना उतरायला लागलो तर मागून पावलं वाजली.

"मला बोट बघायची हाय," मरियम म्हणाली.

मी थांबवायला हवं होतं की नको, मला कळलं नाही. मी बाजूला झालो. ती एकेक पायरी बसत बसत उतरली आणि लावायचं राहिलेल्या दारातून आत गेली. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

चाचांचं लक्ष फोनकडे होतं. फोनमध्ये माझी खोली दिसत होती आणि रिकामी खुर्ची. "मरियम?" ते म्हणाले. "कुठं गेली? पानी प्यायला गेली काय?" थोडा वेळ वाट बघितली. "बरं. मी थांबतो." पण हात थांबले नाहीत, ती मागे पडू नये म्हणून त्यांनी पुढची चिमणी सुरू केली नाही, हातातलीच पुन्हा मोडून हळूहळू मळत राहिले, रिकाम्या खुर्चीकडे बघत.

मरियम टेबलापाशी गेली. टेबलाची कड तिच्या हनुवटीला लागत होती. तिने हातांकडे बघितलं. मग फोनमधल्या छोट्या चौकोनात तेच हात दिसत होते त्यांच्याकडे. पुन्हा टेबलावरच्या हातांकडे. बोटावरचा जुना चटका, अंगठ्याचं तुटकं नख, पिठाने पांढरी झालेली मनगटं. मग तिने आपला हात लांब केला आणि त्या कणकेवर, त्यांच्या बोटांच्या बाजूला ठेवला.

चाचांचे हात थबकले. त्यांनी वळून बघितलं नाही. तोंड तसंच फोनकडे ठेवून, रोज दाराआडून यायचा त्याच आवाजात म्हणाले, "आता आंगठ्यानं दाब. हळू. चोच हाय ती."

तिने दाबलं.

"दादा, तू बोटीतून आलास?"

"व्हय," चाचा म्हणाले. "आत्ताच."

तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि त्यांच्या कोपराला कोपर लावून बसली. दोघांनी मिळून अकरा चिमण्या केल्या. मी बाहेर उभा राहून मोजल्या. वर माझ्या खोलीत फोन तसाच चालू होता. मधूनच ती मान वर करायला लागली की चाचा घाईने नवा गोळा तिच्यापुढे सरकवायचे, आणि तिची नजर पुन्हा हातांवर यायची. दहातले सहा दिवस संपत आले होते, आणि चाचांना अजून तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.